मानसशास्त्रीय चाचण्या : ओळख आणि पथ्ये

कापसाच्या हंगामात भैंसा येथील बाजाराच्या आवारात गाड्या येऊन उभ्या राहिल्या, की खरेदीदार गाडीत हात घालून मूठभर कापूस उपसतो. सरकी बाजूला सारून तो चिमटीत तंतू ओढून पाहतो, त्याची लांबी अजमावतो, ओलावा आणि काडीकचरा पाहतो आणि सबंध गाडीचा भाव सांगतो. सगळी गाडी उपसून पाहणे कोणालाच शक्य नसते. मूठभर नमुन्यावरून साऱ्या मालाचा अंदाज बांधण्याचा हा व्यवहार शेतकऱ्यासही मान्य असतो. मूठ गाडीच्या वेगवेगळ्या भागांतून भरली जावी, पारखणारा जाणता असावा आणि एकाच मालाला सकाळी एक व दुपारी दुसरा भाव नसावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. मानसशास्त्रीय चाचणी म्हणजे तत्त्वतः हाच व्यवहार होय. येथे गाडीत कापसाऐवजी माणसाची बुद्धी, कल किंवा स्वभाव असतो, आणि भाव चुकला तर होणारे नुकसान एका हंगामापुरते राहत नाही.

या चाचण्या आता शहरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असते, नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमतेचा विभाग असतो, सैन्यदलात अधिकारी म्हणून निवड होण्यापूर्वी उमेदवाराची मानसशास्त्रीय पारख होते आणि बौद्धिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र मागणाऱ्या पालकास मुलाचा बुद्ध्यंक तपासून घ्यावा लागतो. चाचणी हा शब्द अशा रीतीने खेडोपाडी परिचित झाला आहे. तथापि, चाचणीत नेमके काय मोजले जाते आणि निघालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावावयाचा, याविषयी पालक व शिक्षक यांच्यातच नव्हे, तर कागदांवर शिक्के मारणाऱ्या आम्हा शासकीय सेवकांतही पुष्कळ अज्ञान आढळते. प्रस्तुत लेखाचा हेतू ते अल्पांशाने दूर करणे हा आहे.

भैंशाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. हे गाव पूर्वी हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हा भाग आंध्र प्रदेशात गेला. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले आणि २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची विभागणी होऊन भैंसा निर्मळ जिल्ह्यात समाविष्ट झाले. सीमा सरकल्या, पण घरांतील भाषा सरकल्या नाहीत. येथील कित्येक घरांत मराठी बोलली जाते, बाजारात तेलुगू व उर्दू चालते, आणि मुलगा ज्या शाळेत जातो तेथील माध्यम बहुधा तेलुगू किंवा इंग्रजी असते. २०१८ च्या कायद्यान्वये तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू हा विषय अनिवार्य झाला आहे. अशा मुलाची बुद्धी कोणत्या भाषेत मोजावयाची, हा प्रश्न नुसता विद्वानांच्या चर्चेचा नाही.

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबापुढे तो प्रत्यक्ष उभा राहिला. कुटुंब भैंशाचे, मराठी बोलणारे. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेत तो मागे पडत असे, प्रश्न विचारला की गप्प राही. शाळेच्या सूचनेवरून त्याची चाचणी करण्यात आली. प्रश्न इंग्रजीत विचारले गेले आणि अडले तेथे हिंदीत समजावून देण्यात आले. तासाभराने वडिलांच्या हाती एक कागद आला. त्यावर बुद्ध्यंक ६६ असा आकडा होता आणि खाली ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असे शब्द होते. त्या कागदापुढे वडील गप्प झाले. आईचे म्हणणे मात्र एकच होते. पोराला दुकानात पाठवले तर तो कधी एक रुपया चुकवून आणत नाही, मग तो मंद कसा? आईच्या या शंकेला शास्त्राच्या दृष्टीनेही मोठे महत्त्व आहे. ते कसे, हे समजण्यासाठी या मापाचा उगम थोडा पाहिला पाहिजे.

मापाचा उगम

माणसामाणसांतील मानसिक फरक मोजण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये मोजणीची प्रयोगशाळाच उघडली होती. दृष्टी, श्रवण, हाताची पकड, प्रतिक्रियेचा वेग अशा गोष्टी ते मोजत. ‘मानसिक चाचणी’ हा शब्दप्रयोग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅटेल यांनी १८९० मध्ये रूढ केला. परंतु हाताची पकड घट्ट असणे आणि विचार करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे लवकरच ध्यानी आले.

खरा प्रारंभ पॅरिस येथे झाला, आणि तोही शाळेच्याच निमित्ताने. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणामुळे सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली होती. ज्यांना वेगळ्या रीतीने शिकविणे आवश्यक आहे अशी मुले ओळखावयाची कशी, या प्रश्नासाठी फ्रान्सच्या शिक्षण खात्याने १९०४ मध्ये एक समिती नेमली. समितीचे एक सभासद आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने १९०५ मध्ये ३० प्रश्नांची एक मापश्रेणी तयार केली. सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारे हे प्रश्न शाळेत शिकविलेल्या पाठांतरावर अवलंबून नव्हते. सांगितलेल्या गोष्टी करणे, चित्रातील वस्तू दाखविणे, आकडे ऐकून परत म्हणणे, दोन वस्तूंतील फरक सांगणे असे त्यांचे स्वरूप होते. १९०८ च्या सुधारित श्रेणीत ‘मानसिक वय’ ही कल्पना आली. आठ वर्षांची बहुसंख्य मुले जे प्रश्न सोडवितात ते सोडविणाऱ्या मुलाचे मानसिक वय आठ, मग त्याचे जन्मवय काहीही असो.

पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयास जन्मवयाने भागावे असे सुचविले, आणि अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकारास १०० ने गुणून ‘बुद्ध्यंक’ सर्वत्र प्रचारात आणला. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय सहा असेल तर बुद्ध्यंक ७५. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय बारा असेल तर १२०. हिशेब सोपा असल्यामुळेच तो लोकप्रिय झाला. प्रौढांच्या बाबतीत मात्र तो लागू पडत नाही, कारण चाळीस वर्षांच्या माणसाचे मानसिक वय विसाव्या वर्षापेक्षा दुप्पट होत नसते. म्हणून वेक्स्लर यांनी १९३९ पासून दुसरी रीत घालून दिली. व्यक्तीची तुलना तिच्याच वयोगटातील इतरांशी करावयाची, गटाची सरासरी १०० मानावयाची आणि व्यक्ती सरासरीपासून किती दूर आहे ते सांगावयाचे. आज बहुतेक चाचण्यांचा बुद्ध्यंक याच रीतीने काढलेला असतो. या मोजणीत सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात आणि ७० च्या खाली जेमतेम दोन टक्के.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळदा सांगितली जात नाही. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी वस्तू आहे असे बिने यांनी कधीच मानले नाही. मागे राहिलेल्या मुलांसाठी त्यांनी लक्ष देण्याचे, स्मरणाचे, निरीक्षणाचे व्यायाम तयार केले होते. मुलाला मदतीच्या दारापाशी नेण्यासाठी केलेले माप पुढे त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले, हा दोष मापकाराचा म्हणता येत नाही.

असा गैरवापर कोठवर जाऊ शकतो याचे उदाहरण अमेरिकेतीलच आहे. बिने यांची श्रेणी तेथे नेणारे गोडार्ड यांनी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, बोटीतून उतरणाऱ्या परदेशी स्थलांतरितांच्या चाचण्या घेतल्या. लांबच्या प्रवासाने थकलेली, अनोळखी अधिकाऱ्यांपुढे उभी केलेली, इंग्रजी न जाणणारी ही माणसे. प्रश्न दुभाष्यांमार्फत विचारले गेले. निष्कर्ष निघाला की, तपासलेल्या ज्यू, इटालियन, हंगेरियन व रशियन लोकांपैकी बहुसंख्य लोक मंदबुद्धीचे आहेत. त्यांच्यापुढील पिढ्यांनी काय करून दाखविले ते जगाला ठाऊक आहे. चाचणी तीच होती. पण ती ज्यांच्यासाठी बेतली होती ती माणसे निराळी होती.

मराठी मुलांसाठी मराठी माप

आपल्या देशातील अभ्यासकांना ही अडचण लवकर उमगली. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. एच. राइस यांनी बिने यांच्या श्रेणीवर आधारलेली हिंदुस्थानी श्रेणी तयार केली व ती १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कार्य व्ही. व्ही. कामत यांचे होय. जुन्या मुंबई इलाख्यात कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी बिने यांच्या श्रेणीची नवी आवृत्ती सिद्ध केली. तिच्याविषयीचा त्यांचा निबंध १९३४ मध्ये आणि ‘भारतीय मुलांचे बुद्धिमापन’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषांच्या मुलांसाठी एकाच वेळी माप तयार करण्याचे हे काम भैंशासारख्या दुभाषी गावाला जवळचे वाटावे असेच आहे. आज इतक्या वर्षांनंतरही ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव रुग्णालयांतील मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी असते.

नुसते भाषांतर करून भागले नसते काय? एका साध्या बाबीचा विचार करावा. बहुतेक बुद्धिमापन चाचण्यांत आकडे ऐकवून ते परत म्हणावयास सांगतात. मराठीत एक, दोन, तीन, चार हे शब्द आखूड आहेत. तेलुगूत ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु असे म्हणतात, आणि आठ व नऊ यांना एनिमिदि, तोम्मिदि. ब्रिटनमधील वेल्श भाषेतील अंकनामे इंग्रजीपेक्षा उच्चारावयास अधिक वेळ घेतात. या कारणानेच वेल्श मुलांचे आकडे लक्षात ठेवण्यातील गुण कमी पडतात, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविण्यात आले. मनात आकडे घोळविण्यास जितका वेळ लागतो तितके ते निसटतात. जी शंका वेल्शविषयी घ्यावी लागली ती आपल्या भाषांविषयीही घेणे रास्त आहे. दुसरी बाब दोन अंकी संख्यांची. सत्तावीस म्हणताना मराठी मूल आधी सात ऐकते व मग वीस; तेलुगूत इरवै एडु म्हणजे आधी वीस व मग सात. घरी एक क्रम व शाळेत दुसरा, अशा मुलाने २७ च्या जागी ७२ लिहिले तर त्यास मतिमंद म्हणण्यापूर्वी शिक्षकाने दोनदा थांबावे.

शब्दार्थाचे प्रश्न तर उघडच भाषेला बांधलेले असतात. ओढ्याला तेलुगूत ‘वागू’ म्हणतात. भैंशाच्या मुलाच्या तोंडी हा शब्द आला तर पुण्याच्या परीक्षकाला तो चूक वाटेल, आणि मुलाच्या मनात तर डोळ्यांपुढे वाहणारे पाणी असेल. म्हणूनच कामतांसारख्या अभ्यासकांना प्रश्न भाषांतरित करून थांबता आले नाही. कोणता प्रश्न येथील किती वर्षांची मुले सोडवितात हे प्रत्यक्ष मुलांना विचारून पाहावे लागले आणि प्रश्नांची वयवार मांडणी नव्याने ठरवावी लागली. या कष्टाच्या कामास शास्त्रात ‘प्रमाणीकरण’ म्हणतात.

कामतांनंतर हे काम अनेक ठिकाणी चालू राहिले. सी. एम. भाटिया यांनी उत्तर प्रदेशातील मुलांसाठी तयार केलेला कृती कसोट्यांचा संच १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ठोकळे जुळविणे, आकृत्या काढणे, चित्राचे तुकडे जोडणे असे त्यातील पाच प्रकार असून, निरक्षर मुलांचाही त्यात वेगळा विचार केलेला आहे. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातील ए. जे. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या मुलांसाठीच्या श्रेणीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. पुण्यास आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने उलट्या टोकाचा, म्हणजे प्रज्ञावान मुले शोधून काढण्याचा प्रश्न हाती घेतला आणि गिलफर्ड यांच्या बुद्धिविषयक सिद्धांताच्या आधारे चाचण्यांवर काम केले.

चाचण्यांचे प्रकार

आतापर्यंत बुद्धिमापनाविषयीच लिहिले, कारण तेच सर्वांत जुने आणि सर्वांत वादग्रस्त आहे. परंतु चाचण्यांचे कुल याहून मोठे आहे.

काही चाचण्या परीक्षक व मूल समोरासमोर बसून होतात, तर काही शेकडो लोकांना एकाच वेळी देता येतात. सामूहिक चाचण्यांचा मोठा वापर प्रथम १९१७ मध्ये अमेरिकन सैन्यात झाला. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’ अशा दोन चाचण्यांनी सुमारे १७ लाख लोकांची पाहणी करण्यात आली. सामूहिक चाचणी स्वस्त पडते, पण मूल घाबरले आहे की भुकेले आहे, हे तीत दिसत नाही. ज्या निर्णयावर मुलाचे भवितव्य अवलंबून आहे तो केवळ सामूहिक चाचणीवर घेऊ नये, असा संकेत आहे तो यासाठीच.

काही चाचण्या शाब्दिक असतात, तर काही अशाब्दिक. रेव्हन यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत केवळ आकृत्या असतात. रांगोळीतील एक कोपरा पुसला गेला असून तेथे कोणता तुकडा बसेल ते ओळखावयाचे, असे तिचे ढोबळ वर्णन करता येईल. नवोदयच्या परीक्षेतील मानसिक क्षमतेचा विभाग याच जातीचा आहे. तथापि अशाब्दिक चाचणी म्हणजे संस्कृतिनिरपेक्ष चाचणी, अशी समजूत करून घेऊ नये. ज्या मुलाने कधी कोडी सोडविलेली पुस्तके पाहिली नाहीत, किंबहुना कागदावर आकृती हाताळलीच नाही, त्याला शब्द नसलेली चाचणीही परकीच असते.

शालेय परीक्षा ही संपादन चाचणी होय. काय शिकले गेले ते ती पाहते. अभिक्षमता चाचणी पुढे काय शिकता येईल याचा अंदाज देते, तर अभिरुची चाचणी व्यक्तीला काय आवडते ते सांगते. या दोहोंत आपल्याकडे फार गोंधळ होतो. गायनाची आवड असलेल्या प्रत्येकास गळा असतोच असे नाही. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी संगणकावर घेतली जाणारी कल चाचणी सुरू झाली व काही वर्षे चालली. तिचा अहवाल हाती आल्यावर ‘आमच्या मुलाला अमुक शाखा नेमून दिली आहे’ असे म्हणणारे पालक मी पाहिले आहेत. कल चाचणी शाखा नेमून देत नाही. मुलाने स्वतःविषयी दिलेली उत्तरे नीट लावून ती त्याच्यापुढे ठेवते, इतकेच.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात विधानांची यादी असते व ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर द्यावयाचे असते. यात स्वतःला आहे त्याहून चांगले दाखविण्याचा मोह होतो, म्हणून चतुर चाचणीकार मधूनमधून लबाडी ओळखणारी विधाने पेरतात. दुसऱ्या प्रकारास प्रक्षेपण तंत्र म्हणतात. स्विस मानसोपचारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाख यांनी १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा चित्रे प्रसिद्ध केली. डागाला स्वतःचा अर्थ नसतो. पाहणारा त्यात आपल्या मनातील काही घालून पाहतो. आकाशातील ढगात कोणाला हत्ती दिसतो, कोणाला देवळाचा कळस, तसेच हे. अमेरिकेत १९३५ मध्ये पुढे आलेल्या दुसऱ्या चाचणीत संदिग्ध चित्र दाखवून त्यावर गोष्ट रचावयास सांगतात. सैन्यदलाच्या निवड मंडळांत चित्रावरून कथा लिहिण्याची जी चाचणी असते ती याच घराण्यातील. या तंत्रांच्या विश्वासार्हतेविषयी तज्ज्ञांत आजही तीव्र मतभेद आहेत, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते, अपुऱ्या प्रशिक्षणाने वापरल्यास ती हात पाहून भविष्य सांगण्याहून फार वेगळी राहत नाहीत.

पथ्ये

कोणत्याही चाचणीस काही पथ्ये सांभाळावी लागतात. पहिले वस्तुनिष्ठतेचे. सूचना, वेळ आणि गुण देण्याची रीत सर्वांसाठी एकच असली पाहिजे. परीक्षकाने मध्येच दुसऱ्या भाषेत समजावून दिले, तर ती चाचणी प्रमाणित राहत नाही. वर सांगितलेल्या मुलाच्या बाबतीत पहिली चूक येथेच झाली.

दुसरे विश्वसनीयतेचे. आज मोजलेले व महिन्याने मोजलेले बरेचसे जुळले पाहिजे. पण उत्तम चाचणीतही ते तंतोतंत जुळत नाही, आणि या तफावतीचा हिशेब मांडता येतो. चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.९० असेल, जो चांगला समजला जातो, तर बुद्ध्यंकातील प्रमाण त्रुटी सुमारे ४.७ येते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, कागदावर ७२ असे लिहिले असेल तर खरा आकडा ६७ ते ७७ मध्ये असण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश असते. ९५ टक्के खात्री हवी असेल तर ६३ ते ८१ असा लांबरुंद पट्टा धरावा लागतो. ७० ही सीमारेषा या पट्ट्याच्या आतच पडते. ६९ आला म्हणून अक्षम आणि ७१ आला म्हणून सक्षम, असा निवाडा देणाऱ्याने हे गणित एकदा करून पाहावे.

तिसरे पथ्य सप्रमाणतेचे, ज्यास वैधता असेही म्हणतात. जे मोजावयाचे तेच मोजले जाते आहे काय? वजनकाटा रोज तेच वजन दाखवील, पण त्याने कापडाची लांबी कळणार नाही. इंग्रजीतून घेतलेली बुद्धिमत्ता चाचणी मराठी मुलाचे इंग्रजीच मोजत असेल, तर ती कितीही वेळा तोच आकडा दाखवो, तो आकडा बुद्धीचा नसतो.

चौथे मानकांचे. मुलाची तुलना कोणाशी केली, हे विचारण्याचा पालकास अधिकार आहे. मानके शिळीही होतात. अनेक देशांत बुद्धिमत्ता चाचण्यांवरील सरासरी गुण दर दशकास सुमारे तीन अंकांनी वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ च्या निबंधांत दाखवून दिले. त्यामुळे कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांवर बेतलेले माप आजच्या मुलाला लावले तर आकडा फसवा निघू शकतो. आपल्याकडील काही प्रचलित मापांना हा आक्षेप लागू आहे, हे आदर राखूनच म्हटले पाहिजे.

सरावाचा प्रश्नही येथेच येतो. बुद्धिमत्ता चाचणीच्या मार्गदर्शक पुस्तिका बाजारात मिळतात आणि शिक्षक त्यांवरून शिष्यवृत्तीची तयारी करून घेतात. स्पर्धा परीक्षेपुरते त्यात गैर काही नाही. मात्र पन्नास प्रश्नपत्रिका सोडविलेल्या मुलाचे गुण आणि एकही न पाहिलेल्या मुलाचे गुण एकाच तागडीत घालता येत नाहीत. रुग्णालयीन चाचण्यांचे साहित्य खुल्या विक्रीस ठेवीत नाहीत, त्याचे कारण हेच.

प्रमाणपत्राच्या संदर्भात वाचकांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात बौद्धिक अक्षमता म्हणजे केवळ बुद्ध्यंकाची कमतरता नव्हे. विचार करणे, शिकणे, प्रश्न सोडविणे यांतील मर्यादेबरोबरच दैनंदिन व्यवहारातील जुळवून घेण्याची क्षमताही मर्यादित असली पाहिजे, असे त्या व्याख्येत आहे. म्हणून मूल स्वतः जेवते काय, कपडे घालते काय, सुटे पैसे मोजून आणते काय, याची पद्धतशीर विचारणा तपासणीचा भाग असते. दुकानातून चोख हिशेब आणणाऱ्या मुलाविषयी त्या आईने घेतलेली शंका म्हणूनच कायद्याच्या आणि शास्त्राच्या अशा दोन्ही कसोट्यांवर उतरते. दुसऱ्या बाजूने, ज्या मुलांना खरोखर अडचण आहे त्यांच्या पालकांनी प्रमाणपत्राची लाज बाळगून सवलती व विशेष शिक्षण नाकारणे हाही मुलावर अन्यायच आहे. चाचणी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारून घ्यावे. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आवश्यक केली आहे. भैंशाच्या परिसरातील लोकांसाठी या विषयातील राष्ट्रीय संस्था सिकंदराबादलाच आहे. ती १९८४ मध्ये स्थापन झाली असून तेथे तपासणी व मार्गदर्शन मिळते.

त्या मुलाची दुसरी तपासणी काही महिन्यांनी झाली. मराठी जाणणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती केली. त्यांनी पहिल्या दिवशी चाचणीची पेटी उघडलीच नाही. मुलाशी गप्पा मारल्या, आईला घरची हकीकत विचारली आणि मुलाचे डोळे व कान तपासून आणावेत असे सांगितले. कानाच्या डॉक्टरांकडे उजव्या कानाचा जुना आजार निघाला. त्या कानाने त्याला फार कमी ऐकू येत होते. उपचार सुरू झाल्यानंतर, मराठीतून आणि ठोकळे-आकृत्यांच्या कृती कसोट्यांनी चाचणी झाली. अहवालात एकाच आकड्याऐवजी ८० ते ९० असा पट्टा दिला होता. कृती कसोट्यांत तो वयाच्या बरोबरीने होता, शब्दांच्या कसोट्यांत मागे होता, आणि वाचन त्याला खरोखरच जड जात असल्याने त्यासाठी वेगळी तपासणी करावी, असेही त्यात लिहिले होते. म्हणजे सारे काही ठीक होते असे नाही. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज वडिलांनी भरला नाही. मुलगा आता वर्गात पहिल्या बाकावर, डावा कान शिक्षकांकडे येईल अशा जागी बसतो, आणि रोज संध्याकाळी आई त्याच्याकडून मराठीचे एक पान वाचून घेते.